पानाच्या पाठीवरचं नाव

"अख्खी काउंटी अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या पाठीपुढे टोपी काढतेय," हर्शेल म्हणायचा आणि खोकला येईपर्यंत हसायचा.

ओलेटाला हा विनोद कधीच आवडला नाही. एक तर तो खरा होता. दुसरं म्हणजे हल्ली तो सेनादाच्या देखत व्हायचा. सेनादा ही घरी येणारी नर्स. हर्शेलच्या फुप्फुसांपुढे डॉक्टरांनी हात टेकले तेव्हापासून ती रोज सकाळी यायची, त्याचं अंग पुसायची, औषध द्यायची, ऑक्सिजनचं यंत्र बघायची. बॉस्नियातून आलेली, पन्नाशीची, मोजकं बोलणारी बाई. विनोद तिला कळायचा की नाही कोण जाणे. ती कधी हसली नाही.

"गप पड," ओलेटा म्हणायची. "अर्धं आयुष्य बडबडीत गेलं. आता तरी श्वास राखून ठेव."

"कुणासाठी राखू? तू घेणारेस का?"

सत्त्याहत्तर वर्षांचा भाऊ आणि चौऱ्याहत्तर वर्षांची बहीण, दोघांचं हे असं चालायचं. त्यानं लग्न केलं नाही, तिचा नवरा केव्हाच गेला. केंटकीच्या डोंगरात प्रॅटर्स गॅप नावाच्या त्यांच्या गावी दोघं एकाच छपराखाली भांडत म्हातारी झाली. तिनं सदतीस वर्षं शाळेत पोरं शिकवली, त्यानं खोऱ्यातल्या प्रत्येक विहिरीचा पंप निदान एकदा तरी दुरुस्त केला. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचा पलंग लावला होता, कारण तिथून डोंगरावरचं कबरस्तान दिसायचं. आई तिथं होती. आईच्या उजव्या हाताला वडील, आणि डाव्या हाताची जागा रिकामी.

"दोन गोष्टी कर," एका सोमवारी तो म्हणाला. ओलेटा त्याला ताकात कुस्करलेली कॉर्नब्रेड चमच्यानं भरवत होती. "मला आईच्या शेजारी पुर. आणि हर्शेल शेवटी वळला असं कुणाला म्हणू देऊ नकोस."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच म्हणतात. अगं, या खोऱ्यात वळल्याशिवाय कुणी मरतच नाही. पन्नास मयतींना गेलोय मी. दारुडा असो नाहीतर चोर, शेवटच्या घटकेला त्यानं येशूचं नाव घेतलेलंच असतं, आणि ते ऐकायला घरातलं एकच माणूस जवळ असतं. माझ्यावर ते नको. चोपन्न वर्षं मी गुडघे टेकले नाहीत, मेल्यावर टेकायला लावू नका."

"बरं बाबा."

"दोन्ही गोष्टी?"

"दोन्ही. तोंड उघड."

किती सहज बोलून गेली ती. पुढे हे 'दोन्ही' तिला रोज आठवणार होतं.

आता त्या पाठीच्या विनोदाचं सांगायला हवं. हर्शेल व्हिएतनामच्या लढाईतून परत आला तो जेवणाच्या टेबलावर प्रार्थनेला डोळे मिटेना. वडिलांनी दोन आठवडे पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी घरचं मोठं बायबल काढलं. त्यात मधोमध काही कोरी पानं असतात, घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायला. जन्माच्या एका पानावर आईच्या ठसठशीत अक्षरात एकच नाव होतं, हर्शेल ली कॉडिल, ३ नोव्हेंबर १९४६. वडिलांनी त्यावर आडवी काट मारली, पान टरकन फाडलं आणि चुलीत घालायला निघाले. विशीतल्या ओलेटानं ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं.

सहा वर्षांनी देशाला दोनशे वर्षं झाली. खाण बंद पडून वर्ष लोटलं होतं, गावातल्या दोन चर्चांमधून विस्तव जात नव्हता, दर महिन्याला एखादं घर कुलूप लावून ओहायोला निघून जायचं. कुणीतरी ठरवलं की मे महिन्यातल्या डेकोरेशनच्या रविवारी, म्हणजे सगळा गाव कबरी साफ करून फुलं वाहतो आणि तिथंच टेबलं मांडून जेवतो त्या दिवशी, एक नाटक करायचं. गाव वसवणारा एल्डर इझरा प्रॅटर डोंगरावर उभा राहून शपथ घेतो, असं नाटक. पंचाईत अशी की या इझरा महाराजांनी मागे एकच कागद ठेवला होता, शेजाऱ्याच्या डुकरावरून झालेल्या भांडणाचा कोर्टाचा निकाल. नाटक त्यावरही झालं असतं म्हणा, पण ते वेगळं.

तेव्हा शाळेतल्या नव्या बाईंनी, म्हणजे ओलेटानं, एका दुपारी बसून शपथ रचली. जुना दिसणारा कागद हवा होता आणि घरात तसा एकच होता, कपाटात कपड्यांखाली दडवलेला, पाठीवर कोरा. तिनं तो कॉफीत बुडवला, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवला आणि निबाच्या पेनानं जुन्या वळणाचं अक्षर काढलं. 'हा डोंगर, हे पाणी, ही माती आम्ही येशूच्या हवाली करतो. त्याच्यापुढे जे गुडघे टेकतील तेच इथं राबतील आणि तेच इथं निजतील, पिढ्यान्‌पिढ्या.' त्यातलं 'तेच इथं निजतील' तर तिनं निव्वळ कानाला बरं वाटलं म्हणून घातलं होतं.

नाटकात माणसं ढसाढसा रडली. दोन्ही चर्चांचे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी काउंटीच्या कोर्टातल्या कारकुनानं तो कागद भिंतीवर लावायला मागितला, तेव्हा ओलेटा घाबरून तेव्हाच्या पाळकांकडे, ब्रदर एस्टेपकडे गेली.

"अहो, ते मी रचलंय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे पोरी," ते म्हणाले. "पण बघ ना काय झालंय ते. माणसाला पायाखाली काहीतरी लागतं उभं राहायला."

ओलेटाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. वर्तमानपत्रात 'संस्थापकांची सापडलेली शपथ' असं छापून आलं तेव्हाही ती गप्प राहिली. पदरी पडलं आणि पवित्र झालं. तिच्या वडिलांनी मरेपर्यंत त्या चौकटीसमोर टोपी काढली. काचेमागच्या कागदाच्या पाठीवर आपणच मारलेली काट आहे हे त्यांना कधी कळलं नाही. ते ठाऊक होतं फक्त ओलेटाला आणि हर्शेलला.

शपथ मात्र भिंतीवर टांगून राहिली नाही. आधी ती शाळेत पाठ करून घेऊ लागले. मग निवडणुकीला उभं राहणारे तिच्यावर हात ठेवून फोटो काढू लागले. मग कबरस्तानाच्या मंडळानं तिच्यावरून नियम केला की चर्चबाहेरच्या माणसाला डोंगरावर जागा नाही. मंडळाची चिटणीस ओलेटाच होती. दोन वर्षांपूर्वी सेनादाचा नवरा मिर्झा ट्रक चालवता चालवता गेला. सेनादानं जागा मागितली. ओलेटानं जुन्या वळणाच्या सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, परंतु संस्थापकांच्या शपथेनुसार' वगैरे वगैरे. मिर्झाला चार तासांवर बोलिंग ग्रीनला, मुसलमानांच्या कबरस्तानात नेऊन पुरावं लागलं.

नर्सेसच्या संस्थेनं याच सेनादाला या घरी पाठवलं, तेव्हा ओलेटा दारातून बाजूला व्हायचंच विसरली. सेनादानं पायपुसण्याला बूट पुसले आणि विचारलं, "पेशंट कुठं आहे?" पत्राचा विषय तिनं कधीच काढला नाही. तो काढायचा हर्शेल.

"तुझ्या त्या 'निजतील'नं या बाईचा नवरा चार तास लांब नेऊन ठेवला," तो म्हणायचा. "आणि ती माझे पाय धुतेय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ओलेटा."

"मी एकटीनं ठरवलं नव्हतं ते."

"पत्र कुणी लिहिलं?"

यावर ती रिकामं भांडं उचलून स्वयंपाकघरात जायची.

गुरुवारी सकाळी दहाला हर्शेल गेला. सेनादा मनगट धरून बसली होती, ओलेटा उशाशी होती. घरात दुसरा आवाज नव्हता, फक्त स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. हर्शेलनं डोळे उघडले. "वर्षभर सांगतोय," तो अगदी स्पष्ट म्हणाला, "तो वॉशर बदल." त्यानंतर तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं सेनादानं मनगट खाली ठेवलं आणि यंत्र बंद केलं.

दुपारी ओलेटा चर्चच्या ऑफिसात गेली. पिशवीत तिनं घरचं बायबल घेतलं होतं. का घेतलं ते तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, पण घेतलं होतं.

पाळक ट्रेंट स्टॅम्पर बेचाळीस वर्षांचा, तिसरीत तिच्याच हाताखाली शिकलेला. कबरस्तानाच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली, आपण होऊन पाणी आणून दिलं. मागे भिंतीला टेकवून शपथेची ती चौकट ठेवली होती, कोर्टातून आणलेली. पाथरवट तिच्यावरून अक्षरं उतरवून घेऊन गेला होता. यंदाच्या डेकोरेशनच्या रविवारी कबरस्तानाच्या फाटकाशी शपथेचा ग्रॅनाइटचा दगड बसायचा होता.

"हर्शेलकाकांनी माझा पंप तीनदा दुरुस्त केला," ट्रेंट म्हणाला. "मला काय हौस आहे नाही म्हणायची? पण नियम आहे, बाई."

"नियम माणसांनी केलाय."

"शपथेवरून केलाय. त्या नर्सच्या नवऱ्याचं पत्र तुम्हीच लिहिलंत, मी नुसती सही केली. आता तुमच्या भावाला आत घेतलं तर लोक काय म्हणतील? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

तिला ते झोंबलं, कारण त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. आईच्या शेजारची जागा नाही म्हटलं तर उरत होती काउंटीची बेवारशांची जमीन, हायवेपलीकडच्या उतारावर, जिथं पाटीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो.

"ती चौकट उघड," ओलेटा म्हणाली.

"का?"

"उघड म्हणते ना. मागे चार स्क्रू आहेत. मला आता वाकवत नाही."

बाईंचं न ऐकायची त्याला सवय नव्हती. त्यानं खिशातल्या चाकूनं स्क्रू काढले, पुठ्ठा उचलला, आणि कागदाची पाठ वर आली. आईचं ठसठशीत अक्षर, हर्शेलचं नाव, त्यावर वडिलांची काट. ओलेटानं पिशवीतून बायबल काढून टेबलावर उघडलं. फाटलेल्या पानाची दातेरी कड शिवणीशी तशीच उभी होती. तिनं पान उचलून कडेला कड लावली. ती तंतोतंत बसली.

ट्रेंटनं त्या काटेवरून बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, "काट कुणी मारली?"

"आमच्या बापानं. पुढचं सगळं मी केलं. कॉफीत बुडवून."

तो खाली बसला. ओलेटाला वाटलं आता हा चिडेल, ओरडेल. त्याचं तिला चाललं असतं. पण तो आपल्या हातांकडे बघत बोलू लागला.

"एकोणिसाव्या वर्षी मी नशेच्या गोळ्यांच्या नादात होतो, तुम्हाला माहीत आहे. मला कोर्टाच्या तळघरात कोंडलं होतं. गजांतून जिना दिसायचा आणि जिन्यावर ही चौकट. चाळीस दिवस दुसरं वाचायला काही नव्हतं. अंगाचं पाणी पाणी व्हायचं, ओकाऱ्या यायच्या, आणि मी हेच वाचत पडायचो. हा डोंगर, हे पाणी, ही माती. मला वाटायचं, माझ्या आधी कुणीतरी या मातीचं काहीतरी ठरवून ठेवलंय, आणि त्यात मीही आहे." त्यानं डोळे पुसले. "दर बुधवारी या खोलीत अकरा जण बसतात, गोळ्या सोडलेले. शेवटी उभे राहून हेच म्हणतात."

ओलेटाचा ऊर भरून आला. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण आधी अभिमान वाटला. तिनं एका दुपारी लिहिलेल्या तीन ओळींनी या पोराला जगवलं होतं. सदतीस वर्षांच्या शिकवण्यानं कुणाचं एवढं झालं नसेल.

"कुणाला माहीत आहे हे?" ट्रेंटनं विचारलं.

"मला. हर्शेलला होतं."

"तुम्हाला गावाला सांगायचं असेल तर मी अडवणार नाही. सांगा. पण त्या अकरांनाही तुम्हीच सांगा, आणि ते पुन्हा गोळ्यांकडे वळले की त्यातल्या कुणाला आधी पुरायचं तेही मला सांगा. आणि सांगून जागा मिळेल असं समजू नका. चिडलेली माणसं आणखी घट्ट होतात. नाही सांगितलंत तर, झाकली मूठ सव्वा लाखाची." मग त्याचा आवाज मऊ झाला. "शेवटच्या घटकेला तुम्ही जवळ होतात. काका काहीतरी बोलले असतीलच."

"बोलला. नळाचा वॉशर बदल म्हणाला."

ट्रेंट हसला नाही. "त्याच्या आधी असेल. नंतर असेल. हात दाबला असेल. मला फार लागत नाही, बाई. मंडळाला एवढंच लागतं की तो वळला."

"तो वळला नाही, ट्रेंट."

"मग माझ्या हातात काही नाही." त्यानं पान परत काचेवर ठेवलं, वर पुठ्ठा ठेवला आणि एकेक स्क्रू लावू लागला.

ओलेटा त्याच्या बोटांकडे बघत राहिली. पहिला स्क्रू बसला, दुसरा बसला. तिला हायवेपलीकडचा उतार दिसत होता. आईच्या डाव्या हाताची जागा दिसत होती, आठ दिवसांपूर्वीच तिथलं गवत तिनं स्वतः उपटलं होतं. तिला मिर्झाही आठवला. भावाला देणार असाल तर त्या बाईच्या नवऱ्यालाही द्या, असं म्हणायची हीच वेळ होती. शब्द दातांपर्यंत आला. पण दोन मागितले तर एकही मिळणार नाही, हे तिला कळत होतं. तिनं तो गिळला.

"त्यानं हात दाबला," ती म्हणाली.

ट्रेंटचा हात थांबला. "आणि?"

"आणि म्हणाला..." ओलेटानं डोळे मिटले. तिला शोधावंसुद्धा लागलं नाही. "म्हणाला, 'काय गं ओलेटा, तो अजून ऐकत असेल का माझं?'"

ट्रेंटच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो विश्वास ठेवून रडत होता की न ठेवता, ते तिला कधी कळलं नाही. पण वाक्य हुबेहूब हर्शेलचं होतं. कुणीही म्हटलं असतं, हा हर्शेलच बोलतोय. इतकं छान जमलेलं बघून तिला स्वतःची किळस आली.

शनिवारी हर्शेलला आईच्या शेजारी पुरलं. ट्रेंटनं ते वाक्य सांगितलं आणि कबरस्तानात हुंदके फुटले. बायका येऊन ओलेटाला मिठ्या मारत होत्या. अगदी शेवटी, लोकांच्या मागे, सेनादा काळा कोट घालून उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

सोमवारी ती पलंग आणि यंत्र न्यायला आली. पलंगाच्या चादरी काढता काढता तिनं विचारलं, "तो असं कधी म्हणाला?"

"नंतर," ओलेटा म्हणाली. "तू यंत्र बंद करत होतीस तेव्हा."

"यंत्र मी नाडी थांबून मनगट सोडल्यावर बंद केलं."

ओलेटा चादरीच्या घड्या घालत राहिली. सेनादानं ऑक्सिजनची नळी गुंडाळली, पिशवीत ठेवली.

"आमच्या गावातही तुमच्या शपथेसारखं एक जुनं पान होतं," ती म्हणाली. "आधी सगळे त्याच्यापुढे रडले. मग त्याच्यावरून घरं मोजायला लागले. माझ्या वडिलांचं घर त्यात बसलं नाही." तिनं पिशवीची चेन ओढली. "त्याला आईजवळ जागा मिळाली, ते बरं झालं. त्याची फार इच्छा होती."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ओलेटाला सोपं गेलं असतं.

डेकोरेशनच्या रविवारी डोंगर माणसांनी फुलला. कबरींवर पिअनीची फुलं, सावलीला लांब टेबलं, त्यावर तळलेली कोंबडी, घेवड्याच्या शेंगा, सुक्या सफरचंदाचा थरांचा केक. फाटकाशी पांढऱ्या कापडाखाली दगड उभा होता. शपथ वाचायचं काम दर वर्षी ओलेटाचं असायचं, यंदाही होतं. त्याआधी लोक एकेक करून तिच्याकडे येत होते आणि हर्शेलचा शेवट ऐकून जात होते. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी सुधारायची. आधी नुसता हात दाबला होता, आता तो हसलाही होता.

वांडा कॉम्ब्स आली. तिचा पोरगा दोन वर्षांपूर्वी गोळ्या खाऊन गाडीत एकटाच मेला होता. वांडानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि ओलेटाचा दंड धरला.

"बाई, माझ्या डस्टिननंही घेतलं असेल ना हो नाव? ऐकायला कुणी नव्हतं एवढंच."

"घेतलं असेलच," ओलेटा म्हणाली.

वांडाचा ताठरलेला चेहरा सैल झाला. दोन वर्षांत ती पहिल्यांदा धड श्वास घेत असावी. ओलेटाला पुन्हा तेच ओळखीचं बरं वाटलं, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं, आणि तिनं ते अडवलं नाही. तेवढ्यात वांडाची नजर पलीकडे गेली. सेनादा हर्शेलच्या कबरीवर फुलं ठेवून उठत होती.

"ए, तूही होतीस ना तिथं?" वांडानं तिला हाक मारली. "तू नर्स ना त्याची? तू ऐकलंस ना?"

आजूबाजूचे चारसहा जण वळून बघू लागले. ट्रेंट दगडाशी उभा होता, तोही बघत होता. या बाईनं एक वाक्य खरं बोललं की सगळं संपलं, आणि ते बोलायचा तिला पुरा हक्क होता. एका क्षणापुरतं ओलेटाला वाटलं, बोल. बोलून टाक एकदाचं.

सेनादा जवळ आली. तिनं वांडाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्या दंडाला धरलेल्या हाताकडे.

"मी तिथंच होते," ती म्हणाली. "तो काय बोलला ते मी ऐकलं. पण ओलेटाबाई माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. त्यांचं एक पत्र आहे माझ्याकडे, जपून ठेवलंय. अक्षर अगदी तुमच्या कोर्टातल्या त्या कागदासारखं."

"बाईंचं अक्षर सुंदरच," वांडा म्हणाली आणि डोळे पुसत टेबलांकडे गेली.

ओलेटाला खाली बघावंसं वाटलं, पण बघवेना. म्हणजे हिला माहीत होतं. कोर्टात लायसनला गेली असेल तेव्हापासून, हर्शेलचे पाय पुसत होती तेव्हा, मनगट धरून बसली होती तेव्हाही. ती वाट बघत होती, ओलेटा कधीतरी आपणहून बोलेल म्हणून.

"सेनादा," ओलेटा म्हणाली. "मी मिर्झाचं..."

"नळ अजून गळतो का?" सेनादानं विचारलं. तिनं कोटाच्या खिशातून काढून ओलेटाच्या तळहातावर एक छोटासा रबरी वॉशर ठेवला, आणि तिची बोटं मिटवली. मग ती फाटकातून उतरून आपल्या गाडीकडे गेली. तिला बोलिंग ग्रीनला जायचं होतं, चार तासांचा रस्ता.

ट्रेंटनं हाक मारली. कापड ओढलं गेलं. काळ्या ग्रॅनाइटमध्ये ओलेटाचं स्वतःचं अक्षर बोटभर खोल कोरलेलं होतं, वळणं न वळणं तिच्या हातचं. ती पुढे गेली. कागद लागायचा नाही तिला. हर्शेल पंधरा पावलांवर होता, माती अजून ताजी होती. मूठ मिटलेली ठेवूनच तिनं सुरुवात केली, हा डोंगर, हे पाणी, ही माती. तिचा आवाज कुठंही अडखळला नाही. 'तेच इथं निजतील' म्हणताना वारा पडला होता, त्यामुळे शेवटच्या टेबलापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. सगळे आमेन म्हणाले, आणि जेवणं सुरू झाली.

घरी आल्यावर तिनं मूठ उघडली. तळव्यावर गोल वळ उमटला होता. तिनं वॉशर नळाशेजारी खिडकीत ठेवला. तो कसा बसवायचा ते हर्शेललाच माहीत होतं.